दाराबाहेरचा तास

तिला सगळे हळूबाई म्हणायचे. हे नाव तिच्या नणंदेनं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ठेवलं. नवी वहिनी काही बोलली की समोरच्याला "काय? काय म्हणालीस?" असं दोनदा विचारावं लागायचं. तिसऱ्यांदा विचारायचा कंटाळा आला म्हणून नणंदेनं नावच ठेवून टाकलं. ते घरातल्या घरात राहिलंही असतं, पण एकदा नणंद तिचा विसरलेला डबा द्यायला रुग्णालयात आली आणि आयसीयूच्या दारातून तिनं अशी काही हाक मारली, "अगं ए हळूबाई!", की आतल्या दोन बेशुद्ध माणसांनी पापण्या हलवल्या. निदान त्या वेळी ड्यूटीवर असलेले लोक तसं शपथेवर सांगायचे. दुसऱ्या दिवसापासून मोठ्या डॉक्टरांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव.

नणंदेचा आवाज मोठा होता, कारण तिला तो लागायचा. आई लवकर गेल्यावर धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. घराच्या पुढच्या खोलीत ती शिवणाचा क्लास चालवायची. आठ शिलाई मशिनं एकदम चालू असताना शेवटच्या मुलीला "टाका तिरका जातोय!" हे ऐकू गेलं पाहिजे, तर घसा तसाच हवा. भाऊ पंप दुरुस्त करायचा, तोही दिवसभर आवाजातच. अशा दोघांच्या मध्ये हळूबाई सव्वीस वर्षं राहत होती आणि त्यातली तेवीस वर्षं आयसीयूत सिस्टर म्हणून काम करत होती. काम चोख. सलाईनची सुई तिच्या हातून पहिल्याच झटक्यात शिरेत जायची. फक्त बोलणं तेवढं यायचं नाही.

त्या न बोलण्याची किंमत तिला एका दुपारी कळली. पाच वर्षं झाली त्याला. छापखान्यात काम करणारा एक माणूस पायाची जखम चिघळली म्हणून आला होता. ताप फारसा नव्हता, बोलत होता, थट्टा करत होता. दुपारी चारच्या सुमारास हळूबाईला दिसलं की त्याचा श्वास जलद चाललाय आणि तो तिला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारतोय. तिनं ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगितलं. म्हणजे सांगितलं असं तिला वाटलं. डॉक्टर फोनवर होता. "हं, राऊंडला बघू," म्हणाला. ती मान हलवून परत आली आणि पुन्हा गेली नाही. राऊंड झाला आठ वाजता. तोवर जखमेतले जंतू आणि त्यांच्याशी झुंजणारं शरीर या दोघांनी मिळून त्या माणसाच्या सगळ्या अवयवांचा निकाल लावत आणला होता. सेप्सिस म्हणतात तो हाच. बाहेरून येतो जंतुसंसर्ग, पण शरीर असं काही बिथरतं की स्वतःच स्वतःवर उलटतं. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याची बायको जाताना हळूबाईचा हात धरून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही फार केलंत हो." हळूबाई त्या दिवशी घरी आली ती न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपली. तिनं काय केलं होतं आणि काय नव्हतं, हे तिला एकटीलाच माहीत होतं.

पुढे दोन वर्षांनी मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की आयसीयूतल्या प्रत्येकाला सेप्सिस ओळखायचं आणि पहिल्या तासात काय करायचं याचं शिक्षण द्यायचं. शिकवणार कोण? सगळे एकमेकांकडे बघत होते. मागच्या रांगेतून कोणीतरी काहीतरी पुटपुटलं.

"काय? कोण बोललं?"

"मी," हळूबाई म्हणाली. "मी शिकवते."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. तिचा स्वतःचाही स्वतःवर विश्वास बसला नसावा, कारण तिनं लगेच खुर्चीची पाठ घट्ट धरली.

पहिला वर्ग पार फसला. पडद्यावर तक्ते, आकडे, बाण. हळूबाई तक्त्याकडे तोंड करून तक्त्यालाच शिकवत होती. दुसऱ्या रांगेत एक जण घोरायला लागला, आणि वाईट म्हणजे त्याचं घोरणं तिच्या आवाजापेक्षा स्पष्ट ऐकू येत होतं. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, "माझ्याच्यानं नाही व्हायचं."

नणंद मशिनवरून न उठता म्हणाली, "मी मुलींना कधी फळ्यावर शिवण शिकवलं का? कापड हातात दे, म्हणजे शिकतात."

हळूबाईनं त्यावर रात्रभर नाही, पण बसमध्ये जाताना पूर्ण पंचवीस मिनिटं विचार केला. दुसऱ्या दिवसापासून पडदा बंद. चार-चार जणांना ती रिकाम्या खाटेपाशी न्यायची आणि स्वतःच खाटेवर जाऊन आडवी व्हायची. रोगी ती. ओळखा काय झालंय. या कामात बोलावं लागत नव्हतं, कण्हावं लागत होतं, आणि ते तिला झकास जमायचं. कधी भराभर श्वास घ्यायची. कधी "आज वार कोणता?" विचारलं की भलताच सांगायची. कधी नुसतीच गप्प, छताकडे बघत. लोक आधी हसायचे. मग एखादी नवी सिस्टर म्हणायची, "मॉनिटरवर श्वास अठरा दिसतोय." त्यावर रोगी डोळे उघडून म्हणायचा, "मॉनिटर बाजूला ठेव. माझ्या छातीकडे बघ आणि घड्याळ लावून मिनिटभर मोज. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करायचे नाहीत."

मग एक पेटी आली. पूर्वी पहिलं अँटिबायोटिक हवं असलं की चिठ्ठी लिहायची, ती खाली औषधांच्या भांडारात न्यायची, तिथला माणूस जेवायला गेला असला की वाट बघायची. हळूबाई भांडारवाल्याकडे सहा वेळा गेली. पाच वेळा त्यानं कानावर हात ठेवले. सहाव्या वेळी ती काहीच बोलली नाही. त्याच्या टेबलासमोर स्टूल ओढून बसली आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्यापुढं ठेवलं. चाळीस मिनिटांनी त्यानंच विचारलं, "बाई, नेमकं काय हवंय तुम्हाला?" तेव्हापासून आयसीयूतच एक लाल झाकणाची पेटी असायची. तिच्यात रक्त तपासणीच्या बाटल्या, नळ्या, सुया आणि पहिल्या डोसाची औषधं.

पण तिचा खरा हट्ट दोन गोष्टींचा होता. एक म्हणजे तीन वाक्यं. "मला काळजी वाटते. मला हे हे दिसतंय. तुम्ही आत्ता या." प्रत्येकानं ही वाक्यं बाहेरच्या लांब व्हरांड्याच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाला ऐकू जातील अशी म्हणायची. ती स्वतःही म्हणायची. पहिल्यांदा तिचा आवाज व्हरांड्याच्या निम्म्यात विरला. महिनाभरानं तो पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरा हट्ट सफाईवाल्या मावशींचा. मावशींना वर्गात बसवणार म्हटल्यावर चष्मेवाला तरुण डॉक्टर हसला. "त्या काय करणार?"

"लघवीच्या पिशव्या कोण रिकाम्या करतं?" हळूबाईनं विचारलं. "मूत्रपिंड रुसलं तर ते तुम्हाला कागदावर संध्याकाळी कळतं. मावशींना हातातल्या वजनावरून दुपारीच कळतं."

मावशी वर्गात आल्या. पहिल्या दिवशी पदर तोंडाला लावून बसल्या. व्हरांड्यात मात्र त्यांची वाक्यं पलीकडच्या इमारतीत ऐकू गेली.

हे सगळं सुरळीत चालू झाल्याला तीन वर्षं होत आली, तेव्हा नणंदेच्या मूत्रपिंडात खडा निघाला. मंगळवारी सकाळी तो यंत्रानं फोडून काढला. नणंदेला साखर होती, हृदयही जरा नाजूक, म्हणून एक-दोन दिवस आयसीयूत ठेवायचं ठरलं. खाट क्रमांक सहा. मोठे डॉक्टर हळूबाईला म्हणाले, "तू आता सुट्टीवर. घरच्या माणसाचं काम घरच्या माणसानं करायचं नाही. भेटीच्या वेळेत यायचं, पास घेऊन."

बुधवारी बारा वाजता ती पास घेऊन आत गेली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या पायात रुग्णालयाच्या बुटांऐवजी घरच्या चपला होत्या. नणंद गळ्यापर्यंत चादर ओढून पडली होती.

"वन्सं, कसं वाटतंय?"

"बरं आहे गं," नणंद म्हणाली. आवाज मऊ. "तू किती करतेस सगळ्यांचं. गुणाची आहेस."

हळूबाई जागच्या जागी उभी राहिली. सव्वीस वर्षांत हे वाक्य तिच्या वाट्याला आलं नव्हतं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. चादर नीट केली, आणि वेळ संपल्याची घंटा झाल्यावर बाहेर येऊन ती नवऱ्याशेजारी बाकावर बसली.

"वन्सं मला गुणाची म्हणाल्या."

नवऱ्याचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "ताई? आमची ताई?"

"हो."

"भूल उतरली नसेल अजून," तो म्हणाला, आणि दोघं हसले.

बाकावर बसल्या बसल्या दोन वाजून दहा मिनिटं झाली. हळूबाईनं वेळ बघितली, कारण त्याच क्षणी दाराच्या आतून मावशींचा आवाज आला. दार बंद असूनही शब्दन् शब्द कळला.

"सिस्टर! मला काळजी वाटते! सहा नंबर! सकाळी दहानंतर पिशवीत अर्धा कपसुद्धा जमलं नाही. तुम्ही आत्ता या!"

हळूबाई ताडकन उठली. ती दाराशी गेली. दाराला डोळ्यांच्या उंचीवर गोल काच होती. त्यातून तिला ड्यूटीवरची सगळ्यांत धाकटी सिस्टर दिसली. ती सहा नंबरच्या खाटेशी वाकली होती, मनगट समोर धरून, नजर नणंदेच्या छातीवर. हळूबाईही घड्याळ बघायला लागली. वीस सेकंद. तीस. इथे बहुतेक जण थांबतात. धाकटी थांबली नाही. पूर्ण साठ मोजून तिनं पाठ ताठ केली आणि फोन उचलला. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठ वाचता येत होते. मला काळजी वाटते.

तेव्हा हळूबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गुणाची आहेस. ज्या बाईनं आयुष्यात कोणाला तोंडावर बरं म्हटलं नाही, ती मऊ आवाजात कौतुक करते, आणि आपण, अख्ख्या आयसीयूला "बोलणं बदललं की सावध व्हा" असं खाटेवर पडून पडून शिकवणाऱ्या आपण, डोळे पुसत बाहेर आलो. तिचा हात आपोआप दाराच्या दांड्याकडे गेला.

"बाई." पहारेकरी उठून उभा राहिला. तो तिला पंधरा वर्षं ओळखत होता. "आत नाही जाता येणार."

"सहा नंबर माझी नणंद आहे."

"म्हणूनच." तो अवघडला. "तुम्हीच सांगून ठेवलंय ना आम्हाला, आत गडबड असली की नातेवाईक नको. रागावू नका."

हळूबाई दांडा सोडून मागं सरली. रागावणार कोणावर?

नवरा उठून आला. "काय झालं? तू अशी पांढरी का पडलीस?"

"वन्संच्या रक्तात जंतू गेलेत बहुतेक. काम सुरू झालंय."

"तू जा ना आत! तुला येतं सगळं!"

"मला सोडत नाहीत. आणि बरोबर करतायत."

ती पुन्हा काचेशी उभी राहिली. चष्मेवाला डॉक्टर जवळजवळ पळतच आला. गळ्याशी खोचलेला जेवणाचा रुमाल तसाच होता. दारापाशी हात धुतले, ते मात्र नीट, नखांपर्यंत. दोन वाजून सोळा. लाल झाकणाची पेटी खाटेशी आली. रक्त घेतलं, दोन वेगवेगळ्या जागांहून, दोन-दोन बाटल्या. आधी रक्त, मग औषध, नाहीतर कोणते जंतू आहेत ते शोधता येत नाही. कोणीतरी औषधाची बाटली आधीच हातात घेऊन उभं होतं. धाकटीनं त्याला हातानं थांबवलं. हळूबाई काचेबाहेर नकळत मान डोलवत होती. सलाईन जोरात सोडलं, आणि डॉक्टर मध्ये मध्ये छातीला नळी लावून ऐकत होता. हृदय नाजूक आहे, पाणी जास्त झालेलं चालणार नाही, हे त्याच्या लक्षात होतं.

दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी अँटिबायोटिकची छोटी बाटली दांडीला लागली आणि थेंब पडायला लागले. मावशींच्या हाकेपासून एकतीस मिनिटं. हळूबाईनं कपाळ काचेला टेकवलं.

"झालं का?" नवऱ्यानं विचारलं.

"निम्मं."

उरलेलं निम्मं म्हणजे जंतूंचं घर शोधणं. सोनोग्राफीचं यंत्र ढकलत आत नेलं. थोड्या वेळानं चष्मेवाला बाहेर आला. तिच्याकडे बघून क्षणभर थांबला. नेहमी तो तिला अहवाल द्यायचा. नातेवाइकाशी बोलतात तसं तिच्याशी बोलायची त्याला सवय नव्हती. मग तो नवऱ्याकडे वळून सोप्या शब्दांत सांगायला लागला. फोडलेल्या खड्याचा एक तुकडा खाली अडकलाय. मूत्रपिंडात लघवी तुंबलीय आणि तिचा पू झालाय. पाठीतून बारीक नळी घालून तो बाहेर काढावा लागेल, आत्ताच. बीपी टिकवायचं औषध सुरू केलंय. धोका आहे, पण लवकर कळलंय. इथे सही.

नवऱ्याचा हात पेन धरून कागदावरच अडकला. मोठमोठे पंप उघडणारा तो हात. "करू ना गं?"

"करा," हळूबाई म्हणाली, आणि ते त्याला पहिल्या वेळीच ऐकू गेलं.

मग नुसतं बसणं होतं. तिनं हजारो नातेवाइकांना "बसा, कळवतो" म्हटलं होतं. बसणं म्हणजे काय असतं हे तिला आज समजत होतं. बाकाची मधली फळी सैल होती, बसलं की मांडीला चिमटा बसायचा. त्या फळीवर कितीजण बसून गेले असतील, आणि कोणीच तक्रार केली नाही. तेवढं भान कोणाला असणार?

"आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो," नवरा मध्येच म्हणाला. "ताई चौदाची. मला म्हणाली, रडायचं असेल तर रड, पण दूध संपवून रड." हळूबाईनं त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि नकळत त्याची नाडी मोजायला लागली.

पाचला दहा कमी असताना दार उघडलं. मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले. टोपी काढली आणि हसले. आधी हसले, मग बोलले. ते किती बरं केलं त्यांनी.

"पू निघाला. भरपूर निघाला. बीपी सावरतंय, लघवी सुटलीय. रात्र सांभाळायचीय, पण मला वाटतं, बाई घरी येणार."

नवरा मटकन बाकावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. हळूबाईचा जीव भांड्यात पडला, पण रडू येईना. तिला एकदम सडकून भूक लागली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

तेवढ्यात मावशी बादली घेऊन बाहेर आल्या. हळूबाईनं त्यांना अडवलं.

"मावशी, मी बाराला आत होते. माझ्याशी त्या गोड बोलल्या. मला वाटलं, शेवटी एकदाची माया आली. मला नाही कळलं."

"तुम्हाला कसं कळेल?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही घरच्या. घरच्या माणसाला गोड शब्दाची भूक असते. मला त्यांनी सकाळी चार वेळा झापलं होतं. कोपरा राहिला, फडका नीट पीळ, झाडू असा धरतात का. दुपारी मी मुद्दाम तोच कोपरा सोडला. बाई गप्प. मग पिशवी उचलली, तर हलकी. म्हटलं, काहीतरी बिनसलंय."

हळूबाईनं त्यांच्या बादलीसकट त्यांना मिठी मारली. थोडं पाणी सांडलं. मावशी म्हणाल्या, "आता हे कोण पुसणार?" आणि स्वतःच हसत पुसायला लागल्या.

चौथ्या दिवशी नणंद उशीला टेकून बसली. चेहरा उतरलेला, पण नजर जागेवर. तिनं चादरीची कड बोटांत धरून हळूबाईपुढं केली. "ही शिलाई बघ. इंचाला चार टाके. असं शिवणाऱ्याचे हात तपासायला हवेत."

"हो, वन्सं."

"मी त्या दिवशी काय बडबडले गं? मला काही आठवत नाही."

"मला गुणाची म्हणालात."

नणंद कितीतरी वेळ चादरीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. "तापात माणूस काहीही बोलतो," ती म्हणाली. मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत, "पण खोटं बोलतो असं नाही." आणि लगेच, "बघत काय बसलीस, पाणी दे!"

सहाव्या दिवशी ती घरी आली.

हळूबाई कामावर रुजू झाल्यावर तिनं पहिल्यांदा सुताराला बोलावून बाहेरच्या बाकाची फळी ठोकून घेतली. मग नवी तुकडी आली, चार जण. त्यांना तिनं आपली चूक सांगितली, काही न लपवता. घरचं माणूस असलं की शिकवणाऱ्याचेही डोळे झाकतात, म्हणून तर शेजारचा डोळा शहाणा हवा. त्या वर्गात पिशवीचं वजन हातानं कसं ओळखायचं ते मावशींनी शिकवलं. चष्मेवाला डॉक्टर पुढच्या रांगेत बसून लिहून घेत होता.

आणि त्या रविवारी एक गोष्ट झाली. सुट्टी असली तरी दर दोन तासांनी आयसीयूत फोन करून "सगळं ठीक आहे ना?" विचारायची तिची जुनी सवय. छापखान्यातला तो माणूस गेल्यापासून तिनं एकाही सुट्टीत हा फोन चुकवला नव्हता. त्या रविवारी फोन स्वयंपाकघरात राहिला. ती जेवली, पुढच्या खोलीतल्या मशिनांच्या गोंगाटात जमिनीवरच चटई टाकून आडवी झाली, आणि सलग चार तास गाढ झोपली. नवऱ्यानं दोनदा येऊन बघितलं. श्वास संथ चालला होता. त्यानं पंखा जरा कमी केला आणि तो आपल्या कामाला गेला.